नियोजन विभागांच्या सीमांचा एकत्रित नकाशा : चार स्रोत चार रेषा दाखवत असतील तेव्हा

वाटाड्या (धागाकर्ता)

एका विस्तृत प्रदेशातील सर्व नियोजन विभागांच्या सीमा संगणकीय नकाशाच्या एकाच थरात आणण्याचे काम आम्ही काही जण करत आहोत. प्रत्येक विभागाचा नकाशा कुठे ना कुठे उपलब्ध असल्यामुळे हे काम वरकरणी सोपे दिसते, परंतु हे नकाशे एकमेकांशी जुळावेत या हेतूने कोणीच काढलेले नाहीत. एका विभागाची पूर्वसीमा आणि शेजारच्या विभागाची पश्चिमसीमा ही कायद्याने एकच रेषा असायला हवी. प्रत्यक्षात दोन्ही थर एकमेकांवर ठेवले की कुठे पन्नास मीटरची फट पडते, तर कुठे तीच जमीन दोन्ही विभागांत मोजली जाते.

आमच्याकडे चार प्रकारची सामग्री आहे : विकास आराखड्यांसोबत प्रसिद्ध झालेले पीडीएफ नकाशे, जनगणनेच्या कामासाठी आखलेल्या प्रशासकीय सीमा, लोकसहभागातून तयार होणाऱ्या ओपनस्ट्रीटमॅपवरील सीमा आणि विभाग स्थापन करणाऱ्या अधिसूचनांमधील शब्दांत लिहिलेली वर्णने. गटात तीन मते आहेत. सर्वांत नवीन स्रोत घ्यावा, असे एक जण म्हणतो. सर्वांत बारकाईने काढलेली, म्हणजे जास्तीत जास्त शिरोबिंदू (रेषा जिथे वळते ते बिंदू) असलेली रेषा घ्यावी, असे दुसऱ्याचे म्हणणे आहे. चारही रेषांची मध्यरेषा काढावी, असे तिसऱ्याने सुचवले आहे. मला तिन्ही मार्गांबद्दल शंका आहे, पण ती नेमकी मांडता येत नाही. ज्यांनी असे काम केले आहे त्यांनी कृपया लिहावे.

उत्तरायण

कोणती रेषा निवडायची हा प्रश्न दुसऱ्या पायरीवरचा आहे. दिसणारा फरक सीमेतलाच आहे, की मोजण्याच्या चौकटीतला, हे त्याआधी तपासले पाहिजे. माझ्या अनुभवात तथाकथित विसंगतीचा मोठा वाटा संदर्भ प्रणाली, म्हणजे निर्देशांक ज्या चौकटीत मोजले जातात ती, चुकीची गृहीत धरल्यामुळे निर्माण झालेला असतो.

भारतीय उपखंडातील जुने स्थलदर्शक नकाशे १८३० च्या एव्हरेस्ट लंबवर्तुळाभावर (पृथ्वीच्या आकाराच्या गणिती प्रतिकृतीवर) आधारलेले आहेत, तर आजचे उपग्रहाधारित स्थाननिश्चितीचे आकडे डब्ल्यूजीएस ८४ या जागतिक प्रणालीत मिळतात. अक्षांश-रेखांशाचा आकडा तोच ठेवून केवळ प्रणालीचे नाव बदलले, तर संपूर्ण नकाशा सरकतो. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर १९२७ आणि १९८३ च्या संदर्भ प्रणालींमधील फरक साधारण १० ते १०० मीटर इतका आहे. ऑस्ट्रेलियाचा भूपट्ट वर्षाला सुमारे ७ सेंटिमीटर ईशान्येच्या बाजूला सरकत असल्यामुळे तेथील १९९४ आणि २०२० च्या प्रणालींत सुमारे १.८ मीटरचे अंतर पडले आहे. ही शेवटची गोष्ट तुमच्या कामाला कदाचित लागू होणार नाही, पण 'निर्देशांक' ही कायमस्वरूपी गोष्ट नाही हे तिच्यावरून लक्षात येते.

ओळखण्याची खूण अशी : दोन थरांमधील अंतर सर्वत्र एकाच दिशेने आणि जवळपास सारखेच असेल, तर दोष चौकटीत आहे, अंतराची दिशा जागोजागी बदलत असेल, तर फरक आखणीतला आहे. शेपफाइलसोबत (नकाशातील आकृत्या साठवणाऱ्या फाइलसोबत) असायला हवी ती प्रक्षेपणाची, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याच्या पद्धतीची, उपफाइल हरवलेली असेल, तर सॉफ्टवेअर काहीतरी गृहीत धरून पुढे जाते आणि ते गृहीतक कोणी पाहत नाही. पीडीएफ नकाशांच्या बाबतीत प्रक्षेपण नकाशाच्या समासात छापलेले नसेल, तर त्यावरील जाळीच्या रेषा वक्र आहेत की सरळ आणि त्यांच्यातील अंतरे समान आहेत की नाहीत, यावरून बरेच कळू शकते.

क्षेत्रफळाबद्दलही एक सूचना. वेबवरील बहुतेक नकाशांत वापरले जाणारे मर्केटर प्रक्षेपण क्षेत्रफळ मोजण्यासाठी अजिबात वापरू नये. २० अक्षांशावर ते क्षेत्रफळ सुमारे १३ टक्क्यांनी फुगवते, ४५ अक्षांशावर दुप्पट करते आणि ६० अक्षांशावर चौपट. दोन स्रोतांनी दिलेल्या क्षेत्रफळांची तुलना करण्याआधी दोन्ही आकडे समक्षेत्र, म्हणजे क्षेत्रफळ कायम राखणाऱ्या, प्रक्षेपणात नव्याने काढावेत.

पिंपळपान

उत्तरायण यांनी सांगितलेली तपासणी केल्यानंतर जो फरक उरेल, त्याविषयी लिहितो.

डोंगराची उंची चार जणांनी मोजली, तर चार आकड्यांची सरासरी काढण्यात अर्थ असतो, कारण मोजण्याची वस्तू एक आहे आणि चारही मोजमापे तिच्या आसपास आहेत. नियोजन विभागाची सीमा ही जमिनीवर आधीपासून असलेली वस्तू नाही. ती कोणत्या तरी अधिकृत निर्णयाने अस्तित्वात येते आणि तशाच निर्णयाने बदलते. म्हणून मध्यरेषा ही चारपैकी कोणत्याही निर्णयात नसलेली पाचवी रेषा ठरते आणि तिच्या बाजूने एकही कागद दाखवता येत नाही. 'सर्वांत नवीन' हा निकषही फसवा आहे, कारण फाइलची तारीख नवीन असली तरी आतील रेषा वीस वर्षे जुन्या नकाशावरून गिरवलेली असू शकते. शिरोबिंदूंच्या संख्येबद्दल तर बोलायलाच नको; लहान प्रमाणाच्या नकाशावरची जाड रेषा संगणकाने आपोआप गिरवली की हजारो शिरोबिंदू तयार होतात, आणि ते सगळे कागदाच्या दाण्याचे असतात, सीमेचे नव्हे.

सीमा नैसर्गिक खुणेला बांधलेली असेल, तर निर्णय वाचण्याचे महत्त्व आणखी वाढते. अमेरिकेतील कार्टर लेक हे गाव आयोवा राज्यात आहे, पण मिसुरी नदीच्या नेब्रास्काच्या बाजूला. १८७७ च्या पुरात नदीने आपले पात्र अचानक बदलले आणि गाव पलीकडच्या काठाला गेले. १८९२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने हा भूभाग आयोवाचाच राहील, असा निर्णय दिला. त्यामागचे तत्त्व असे की नदी हळूहळू सरकली तर सीमा तिच्याबरोबर सरकते, पण तिने एकाएकी नवे पात्र धरले तर सीमा जुन्या पात्रातच राहते. आता विचार करा : ताज्या उपग्रहचित्रावरून नदीचा मध्य अत्यंत अचूकपणे गिरवणारा नकाशाकार अशा ठिकाणी अत्यंत अचूकपणे चुकीची सीमा काढेल.

म्हणून माझे मत असे आहे की निवड संपूर्ण स्रोताची करू नये. सीमेच्या प्रत्येक तुकड्यासाठी 'ही रेषा येथून जाते असे कोणी आणि कोणत्या कागदाने ठरवले' हा प्रश्न विचारावा आणि उत्तर त्या तुकड्याशीच नोंदवून ठेवावे.

वाटाड्या

मला शंका नेमकी मांडता येत नव्हती, ती पिंपळपान यांनी मांडली आहे. मात्र कागद शोधल्यावरही प्रश्न सुटत नाही, हे सांगणे आवश्यक आहे. आमच्याकडील एका अधिसूचनेत विभागात समाविष्ट गावांची यादी आहे आणि सोबत नकाशा आहे. यादीतील दोन गावे नकाशातील रेषेच्या बाहेर पडतात, आणि यादीत नसलेले एक गाव रेषेच्या आत येते. दुसऱ्या एका वर्णनात 'रस्त्याच्या कडेने उत्तरेकडे ओढ्यापर्यंत' असे शब्द आहेत. रस्त्याची कोणती कड, हे लिहिलेले नाही, आणि दरम्यान रस्ता रुंद झाला आहे.

पिंपळपान

यादी आणि नकाशा यांच्यात विसंगती असेल, तर दोहोंपैकी काय ग्राह्य धरायचे हे पुष्कळदा त्याच कागदात लिहिलेले असते. 'नकाशा केवळ मार्गदर्शनासाठी आहे' किंवा याच्या उलट अर्थाचे वाक्य शेवटच्या परिच्छेदात सापडते. ते सापडले नाही, तर मी यादीला झुकते माप देतो. गावाचे नाव यादीत घालणे ही जाणीवपूर्वक केलेली कृती असते. छोट्या प्रमाणाच्या नकाशावर रेषा गावाच्या या बाजूने गेली की त्या बाजूने, हे अनेकदा आरेखकाच्या हाताच्या वळणावर ठरलेले असते. १:२,५०,००० प्रमाणाच्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेषा जमिनीवर १२५ मीटर रुंद असते, आणि १:१०,००,००० वर तीच ५०० मीटर. एवढ्या रुंदीत एखादी वाडी सहज मावते.

रस्त्याच्या कडेबाबत : वर्णन ज्या वर्षीचे आहे, त्या वर्षीचा किंवा त्याच्या शक्य तितका जवळचा नकाशा मिळवा आणि रेषा त्यावरून काढा. आजच्या रस्त्याची कड ही त्या वर्णनाची कड नाही.

निळावंत

वरील दोन्ही मुद्दे मान्य करून मी बांधणीबद्दल लिहितो, कारण चांगला निर्णय घेऊनही तो चुकीच्या पद्धतीने साठवला तर वाया जातो.

विभाग हे स्वतंत्र बहुभुज (बंद आकृत्या) म्हणून काढू नयेत. तसे केले की प्रत्येक सामाईक सीमा दोनदा साठवली जाते, आणि दोनदा साठवलेली गोष्ट कधी ना कधी दोन प्रकारची होते. त्याऐवजी आधी फक्त रेषा काढाव्यात : तिठ्यापासून तिठ्यापर्यंत, म्हणजे तीन विभाग जिथे एकत्र येतात त्या बिंदूपासून पुढच्या अशा बिंदूपर्यंत, प्रत्येक रेषा एकदाच. एखाद्या रेषेचा आधार मध्येच बदलत असेल, तर तिथे ती तोडून दोन तुकडे करावेत. प्रत्येक तुकड्याला आधारभूत कागद, त्या कागदाचे प्रमाण, अंदाजे अचूकता आणि निर्णयाची तारीख हे स्तंभ जोडावेत. बहुभुज शेवटी या रेषांपासून संगणकाला तयार करू द्यावेत. असे केले तर फट किंवा आच्छादन निर्माणच होऊ शकत नाही, आणि पिंपळपान म्हणतात तशी तुकड्यानिहाय नोंदही आपोआप साधते. बहुभुजाला एकच 'स्रोत' स्तंभ असतो आणि त्यात चार कागदांची नावे कोंबावी लागतात.

शक्य असेल तिथे आणखी एक पायरी खाली उतरावे. विभाग जर गावे किंवा नगरे यांचे समूह म्हणून ठरवलेले असतील, तर विभागाची सीमा काढूच नये. लहान घटकांचा एक सुसंगत थर तयार करावा आणि प्रत्येक घटकाला विभागाचा कोड द्यावा. अमेरिकेच्या कनेटिकट राज्यात याचे चांगले उदाहरण मिळते. तेथील काउंटींचे प्रशासन १९६० मध्येच संपले होते, आणि २०२२ मध्ये जनगणना खात्याने सांख्यिकीसाठी ८ काउंटींऐवजी ९ नियोजन प्रदेश स्वीकारले. नव्या प्रदेशांच्या सीमा जुन्या काउंटींना ठिकठिकाणी छेदतात, त्यामुळे काउंटीच्या आकड्यांवरून प्रदेशाचे आकडे सरळ काढता येत नाहीत. पण दोन्ही रचना त्याच १६९ नगरांवर उभ्या आहेत. ज्यांच्याकडे नगरनिहाय सामग्री होती, त्यांना केवळ कोडचा एक स्तंभ बदलावा लागला.

तयार थर जोडावे लागत असतील, तर स्लिव्हर, म्हणजे चिंधीसारखे निमुळते बहुभुज, शोधण्यासाठी क्षेत्रफळाची मर्यादा पुरेशी नाही, कारण खरोखरच लहान असलेली बेटे आणि परिवेष्टित भूभागही त्यात सापडतात. ४π गुणिले क्षेत्रफळ भागिले परिमितीचा वर्ग हे गुणोत्तर काढावे. वर्तुळासाठी ते १ येते, चौरसासाठी सुमारे ०.७९, आणि २ किलोमीटर लांब व १० मीटर रुंद पट्टीसाठी ०.०१६ च्या आसपास. शोधण्यापर्यंत यंत्रावर विसंबावे, मिटवण्यासाठी नव्हे. ग्रास या नकाशा-सॉफ्टवेअरमधील साफसफाईची आज्ञा लहान क्षेत्र ज्या शेजाऱ्याशी सर्वांत लांब सीमा वाटून घेते, त्याला जोडून टाकते. लांबी हा भूमितीचा निकष आहे. ती पट्टी कोणाची, हे त्यातून ठरत नाही.

कोरा कागद

मला हे सगळे काहीसे अतिरेकी वाटते. बहुतेक वाचकांना असा नकाशा पडद्यावर पाहायचा असतो, आणि त्या प्रमाणावर १०० मीटरचा फरक एका पिक्सेलमध्येही मावत नाही. तुकड्यानिहाय कागदपत्रे गोळा करत बसलात, तर नकाशा कधीच प्रसिद्ध होणार नाही. नॅचरल अर्थसारखा सार्वजनिक संग्रह १:१ कोटी, १:५ कोटी आणि १:११ कोटी या प्रमाणांवर काम करतो, त्या प्रमाणांना साजेसा ढोबळपणा उघडपणे पत्करतो, आणि तो जगभर वापरला जातो.

निळावंत

केवळ पाहण्यासाठी असेल, तर कोरा कागद यांचे म्हणणे रास्त आहे, आणि नॅचरल अर्थचे उदाहरणही योग्य आहे. तो संग्रह आपले प्रमाण लपवत नाही. पण नियोजन सीमांचा नकाशा एकदा फाइल म्हणून उपलब्ध झाला की लोक तो पाहून थांबत नाहीत. ते त्यात एखाद्या भूखंडाचा बिंदू टाकतात आणि तो कोणत्या विभागात येतो हे विचारतात, आणि त्या उत्तरावर कोणते नियम लागू होतात हे अवलंबून असते. तिथे १०० मीटर म्हणजे सर्व काही असते.

म्हणून दोन आवृत्त्या काढाव्यात : एक पूर्ण तपशिलाची, आणि एक पाहण्यासाठी सुलभ केलेली. सुलभीकरण करताना प्रत्येक बहुभुज स्वतंत्रपणे सुलभ करू नये. डग्लस-प्यूकर पद्धत रेषेची टोके धरून मधले बिंदू गाळते. दोन शेजारी बहुभुजांची परिक्रमा वेगवेगळ्या बिंदूंपासून सुरू होत असेल, तर त्याच सामाईक सीमेवर वेगवेगळे बिंदू गळतात आणि इतक्या कष्टाने मिटवलेल्या फटी परत येतात. मॅपशेपरसारखी साधने सामाईक रेषा ओळखून ती एकदाच सुलभ करतात.

उत्तरायण

पीडीएफ नकाशे भूसंदर्भित करताना, म्हणजे त्यांना जमिनीवरचे निर्देशांक जोडताना, एक गोष्ट पाहावी. साधे प्रथम घाताचे रूपांतर तीन नियंत्रण बिंदूंवर (ज्यांचे खरे स्थान माहीत आहे अशा बिंदूंवर) तंतोतंत बसते, त्यामुळे तीनच बिंदू दिले तर दाखवलेली त्रुटी शून्य येते आणि तिला काहीही अर्थ नसतो. नकाशा रबरासारखा ताणणाऱ्या 'थिन प्लेट स्प्लाइन' प्रकारात कितीही बिंदू दिले तरी त्या बिंदूंवर त्रुटी शून्यच येते. अशा वेळी काही ओळखीची ठिकाणे नियंत्रणात न घेता बाजूला ठेवावीत आणि रूपांतर झाल्यावर ती कुठे पडतात हे मोजावे. निळावंत यांनी सुचवलेल्या 'अंदाजे अचूकता' या स्तंभात हाच आकडा लिहावा.

दूरवरचा

दोन मुद्दे राहिले आहेत, दोन्ही काळाशी संबंधित.

पहिला असा की 'विसंगत' वाटणारे दोन स्रोत आपापल्या दिवशी बरोबर असू शकतात. युरोपीय संघाच्या सांख्यिकीय प्रदेशांच्या वर्गीकरणाला २०१३, २०१६, २०२१ आणि २०२४ अशा वर्षांच्या नावाने आवृत्त्या आहेत, आणि प्रदेशाचा कोड आवृत्तीसह सांगितल्याशिवाय पूर्ण होत नाही. तुमच्या थरातही प्रत्येक नोंदीला 'केव्हापासून लागू' आणि 'केव्हापर्यंत लागू' असे दोन स्तंभ असावेत, आणि जुनी सीमा खोडण्याऐवजी तिची मुदत संपवावी. असे केल्यावर तुमच्या चार रेषांपैकी एक-दोन तरी स्पर्धक नसून पूर्वज आहेत, असे आढळेल.

दुसरा समुद्रकिनाऱ्याचा. ब्रिटनचे राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय त्याच प्रशासकीय सीमा दोन प्रकारे प्रसिद्ध करते : एक साधारणपणे ओहोटीच्या रेषेपर्यंत जाणारी आणि एक भरतीच्या रेषेला कापलेली. उथळ खाडी असेल तर दोन्हींच्या क्षेत्रफळांत मोठा फरक पडतो, आणि तो दोष नाही. तुमचे विभाग किनाऱ्याला लागत असतील, तर कोणती रेषा धरली आहे हे जाहीर करावे आणि सर्व विभागांना तीच लावावी.

कोरा कागद

निळावंत यांचा भूखंडाचा मुद्दा मान्य. मग परवान्याचा प्रश्न मात्र आधी सोडवा, कारण तो शेवटी सुटत नाही. ओपनस्ट्रीटमॅपची सामग्री ज्या परवान्याखाली आहे, त्यानुसार तिच्यापासून तयार केलेला सामग्रीसंच प्रसिद्ध करताना तोही त्याच परवान्याखाली द्यावा लागतो. गॅडम या संग्रहातील सीमा शैक्षणिक आणि अव्यावसायिक कामासाठी मोफत आहेत, पण त्यांचे पुनर्वितरण परवानगीशिवाय करता येत नाही. एका सीमेचा तुकडा इथून आणि दुसरा तिथून घेतला, तर अंतिम फाइल कोणत्याच परवान्याखाली प्रसिद्ध करता येणार नाही अशी अवस्था येऊ शकते. तुकड्यानिहाय स्तंभ ठेवणारच असाल, तर त्यांत परवान्याचाही एक ठेवा.

वाटाड्या

सर्वांचे आभार. नावे आणि कोड जुळवताना येणारी अडचणही सांगून ठेवतो, कारण रेषा जुळल्यावर त्यातच बराच वेळ जातो. एकाच गावाचे नाव चार स्रोतांत चार प्रकारे लिहिलेले असते, म्हणून नावावर जोडणी करणे आम्ही सोडून दिले आहे. कोडवर जोडणी करतानाही, ज्या कोडांची सुरुवात शून्याने होते ते तक्त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडले की शून्य गळते; कोड नेहमी मजकूर म्हणूनच आयात करावा लागतो. शेपफाइलमध्ये स्तंभाच्या नावाला दहाच बाइट मिळतात आणि यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात देवनागरीचे एकेक चिन्ह तीन बाइट घेते, त्यामुळे स्तंभाची मराठी नावे तीन चिन्हांवर तुटतात. म्हणून आम्ही जिओपॅकेज हा दुसरा फाइलप्रकार वापरू लागलो आहोत.

आता एकच प्रश्न उरतो. आमच्या रेषांवरून काढलेले क्षेत्रफळ अधिकृत कागदात दिलेल्या क्षेत्रफळाशी काही विभागांत जुळत नाही. अधिकृत आकडा गाठण्यासाठी रेषा थोडी सरकवावी, असा आग्रह होत आहे.

पिंपळपान

सरकवू नका. अधिकृत आकडा पुष्कळदा रेषेवरून काढलेलाच नसतो. तो भूखंडांच्या नोंदींची बेरीज असतो, आणि त्यात मोठे जलाशय, रस्ते किंवा मोजणी न झालेली जमीन धरलेली असते किंवा नसते. दोन स्तंभ ठेवा, एकात नोंदलेले क्षेत्रफळ आणि दुसऱ्यात रेषेवरून काढलेले, आणि फरक ज्या विभागांत जास्त आहे ते आधी तपासा, कारण तिथे बहुधा एखादा जलाशय किंवा संपूर्ण गाव निसटलेले सापडते. तपासूनही ज्या पट्टीचा निकाल लागत नाही, ती कोणाच्याही पदरात घालू नका. विभागाचा कोड रिकामा ठेवून तिला स्वतंत्र बहुभुज म्हणून नकाशात राहू द्या आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या रेषा तुटक दाखवा.

निळावंत

तुटक रेषेसाठी वेगळा थर करू नका; अचूकतेच्या स्तंभावरूनच शैली ठरू द्या. म्हणजे उद्या कागद सापडला आणि तो आकडा सुधारला की रेषा आपोआप सलग होईल.